तर्री मुलाला, दही मुलीला?

गोदाकाठची (धागाकर्ती):
गेल्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो असता वाढणाऱ्याने काही न विचारता माझ्या चौदा वर्षांच्या मुलापुढे तर्रीची वाटी आणि त्याच्या जुळ्या बहिणीपुढे दह्याची वाटी ठेवली. वास्तविक मुलाला तिखट सोसत नाही. पण शेजारच्या बाकावर वर्गमित्र असल्याने त्याने डोळ्यांतून पाणी येईतो ती संपवली. मुलीने तिसरा पाव परत केला आणि घरी येऊन गुपचूप पोहे खाल्ले. या वयातली मुले पोटापेक्षा चारचौघांत कसे दिसू यासाठी जेवतात, आणि त्याचा अधिक भुर्दंड मुलींना पडतो, असे माझे मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते.

सिडकोकर:
आकडे खरे असले तरी निष्कर्ष घाईचा वाटतो. पाळीमुळे मुलींची लोहाची गरजच मोठी असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या आहारविषयक शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलींसाठी रोज ३० मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर मुलांसाठी २२. ही तफावत शरीरधर्माची आहे, तिचे खापर दह्याच्या वाटीवर कशाला?

गोदाकाठची:
गरज मोठी असेल तर मुलीच्या ताटात जास्त पडायला हवे ना? त्याच शिफारशींत या वयाला प्रथिने मुलांना सुमारे ४५ आणि मुलींना ४३ ग्रॅम सांगितली आहेत. म्हणजे फरक अवघा दोन ग्रॅमचा. आमच्या सासूबाई मात्र नातवाला दोन अंडी देतात आणि नातीला ‘मुलींना उष्ण पडतं’ म्हणून एकही देत नाहीत. (सासूबाई प्रेमळ आहेत, हेही सांगायला हवे.)

पंचवटीचा पैलवान:
मुलगे सुटले असे मात्र समजू नका. आमच्या तालमीत खुराक म्हणजे दूध, बदाम, केळी. पण आता नववीतली पोरे दंड फुगत नाहीत म्हणून कुणालाही न विचारता पावडरचे डबे आणतात आणि मेथीची भाजी पाहून ‘हे बायकी जेवण’ म्हणतात. एकाला मी विचारले, ‘तुझे आजोबा कशावर नांगर धरायचे?’ त्यावर तो नुसता हसला.

सिडकोकर:
पावडरीचे मान्य. परंतु मुलींच्या उपवासांनाही याच माळेत ओवणार असाल, तर ते पटणार नाही. माझी पुतणी मार्गशीर्षातले गुरुवार स्वतःहून करते.

गोदाकाठची:
करत असेल; माझा आक्षेप दिवसभर नुसत्या साबुदाण्यावर राहण्याला आहे, कारण त्यात जवळजवळ सगळे पिष्टच असते. आणि तिच्या भावाला कधी कुणी ‘तू गुरुवार धरणार का’ असे विचारले होते का, तेवढे कळवा.