मदत हवी आहे: घोट्याच्या वर फ्रॅक्चर, बाहेरून रॉड लावलेत, पुढचं ऑपरेशन लांबवतायत

घाटमाथा
अण्णा गाडीवरून पडले, उजवा पाय, घोट्याच्या जरा वर. त्याच रात्री आत नेऊन बाहेरून रॉड नि पिना लावल्या, एक पिन तर टाचेतून आरपार आहे. आता सर्जन म्हणतात प्लेट बसवायचीय पण आत्ता नाही. रोज येतात, पाय बघतात आणि उद्या ठरवू म्हणून जातात. काका म्हणतात वेळ काढतायत, कोल्हापूरला हलवा. काय करू? संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

कोयनाकाठ
वय? शुगर? हाड बाहेर आलेलं का? सांध्यात गेलंय का? सीटी झाला का? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग सांगणार काय कुणी.

रानवारा
प्लेटच्या नादी लागू नका. माझ्या भावाला रिंगवालं लावलं होतं, इलिझारोव्ह. बारीक तारा ताणून रिंगांना बांधतात, त्यामुळे पायावर वजन लवकर टाकता येतं, भाऊ रिंग असतानाच वॉकर घेऊन चालायला लागला. आत कसलं लोखंड राहत नाही. सर्जनना सरळ सांगा रिंग करा म्हणून.

शमा_फिजिओ
रानवारा, भावाचं फ्रॅक्चर कुठे होतं ते न सांगता दुसऱ्याला सल्ला कसा देता? नडगी मधोमध मोडलेली वेगळी आणि सांध्याचा पृष्ठभाग फुटलेला वेगळा. घाटमाथा, टाचेत पिन आहे म्हणजे फ्रेम घोट्याच्या सांध्यावरून पलीकडे नेलीय. ती बहुतेक वेळा तात्पुरती असते, हाड लांबीत धरून ठेवायला, तोवर कातडी नि मांस सावरतं. नडगीच्या खालच्या भागावर मांस फार कमी, आतल्या बाजूला तर हाडावर जवळपास नुसती कातडीच, रक्तपुरवठाही बेताचा. सुजलेल्या पायावर चीर दिली तर टाके उसवतात, प्लेट उघडी पडते, जंतू थेट हाडापर्यंत जातात. म्हणून थांबतात, दहा-चौदा दिवस, कधी तीन आठवडेही.

घाटमाथा
वय ६१. शुगर आहे, गोळ्या चालू. आतल्या बाजूला छोटी जखम होती, ती त्याच रात्री धुतली. सीटी रॉड लावल्यावर काढला, सांध्यात तुकडे आहेत म्हणाले. आणि पायावर पाण्याचे फोड आलेत, काही लालसर. तंबाखू खातात.

कोयनाकाठ
अरे हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! फोड आलेत म्हणजे खालची कातडी अजून तयार नाही, लालसर फोड तर जास्त खोलवरचे असतात. सर्जन रोज येऊन बघतात ते कातडीवर सुरकुत्या पडायला लागल्या का, म्हणजे सूज उतरली का तेच. सीटी फ्रेमनंतर काढला हेही बरोबर, हाड ताणल्यावर तुकडे कुठले कुठे आहेत ते नीट दिसतं. तंबाखू मात्र आजच बंद करा, हाड जुळायला त्याने फार वेळ लागतो.

जुनाजाणता
हाडजोडीच्या वेलीचा लेप लावा नि दूध-हळद द्या. आमच्याकडे हाडवैद्याने कितीतरी पाय असेच बसवलेत.

शमा_फिजिओ
काका, राग मानू नका, पण फोड आलेल्या, पिना असलेल्या पायाला कसलाही लेप लावायचा नाही आणि चोळायचं तर मुळीच नाही. शुगरचा माणूस आहे.

तिसरीघंटा
एमएलसी, म्हणजे अपघाताची पोलिसांसाठीची नोंद, हॉस्पिटलात झाली का? समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून क्लेम होतो.

घाटमाथा
समोर गाडी नव्हती हो, खडीवर घसरले.

तिसरीघंटा
मग थर्ड पार्टी नाही. मालक-चालकाचं अपघात कव्हर असतं ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. तरी मेडिक्लेमसाठी कागद जपून ठेवा.

रानवारा
रिंगला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं वाचा. डॉ. इलिझारोव्ह सायबेरियात कुर्गानला हे करायचे, १९५१ पासून. उंच उडीवाला ब्रुमेल, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, पुढच्याच वर्षी मोटारसायकल अपघातात पाय चेचला, बरीच ऑपरेशनं फसली आणि शेवटी कुर्गानलाच पाय उभा राहिला.

कोयनाकाठ
नावं कुणीच ठेवली नाहीत. कातडी फारच खराब असेल तर रिंगवरच शेवटपर्यंत नेतात हेही खरं आहे. पण ते सीटी बघून सर्जन ठरवणार, आपण इथे बसून नाही.

घाटमाथा
सर्जनशी बोललो. फोड सुकून कातडी धरली की प्लेट, नाही सुकली तर रिंग, असं स्वतःहूनच म्हणाले. हलवत नाही आता. पण एका पिनेभोवती पाणी येतंय, ते चालतं का? आणि पाऊल खाली लोंबतंय.

शमा_फिजिओ
पातळ, स्वच्छ पाणी सुरुवातीला येतं, पण सिस्टरना आजच दाखवा. सलाईनने पुसून कोरडं ठेवतात, खपली ओरबाडायची नाही. पू, लाली, वाढती दुखरी सूज, ताप किंवा पिन हलायला लागली तर लगेच डॉक्टर. बोटं बधिर झाली किंवा हलवताना असह्य कळ आली तर रात्री दोन वाजता का असेना, उठवा त्यांना. पावलाचं आज बोलाच, फ्रेमला पाऊल काटकोनात धरायची सोय करतात, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि मग ती सोडवायला महिने जातात. बोटं मात्र दिवसभर हलवायला लावा. आणि बोलताबोलता शुगरचा आकडा किती आलाय तोही विचारा, तो तू अजून सांगितला नाहीस.

रानवारा
आणि रिंग झाली तर पँट शिवून घेताना बाजूला चेन लावून घ्या, भावाला फार उपयोग झाला.