संस्थानी काळात गावोगाव देवी कशा काढत? फ्रीज नसताना लस कशी टिकायची?

रंकाळाकाठ
करवीर (कोल्हापूर) संस्थानातल्या देवीच्या लसीकरणावर शाळेसाठी तक्ते करायचे आहेत. कायदे आणि तारखा मिळतात, पण काम प्रत्यक्ष कसं चालायचं ते कुठं नीट सापडत नाही. बर्फ नाही, फ्रीज नाही. मग भुदरगडच्या टोकाच्या वाडीपर्यंत लस जिवंत पोचायची कशी? आणि इंग्रजांचा सक्तीचा कायदा आपल्याकडं लागू होता का?

नस्तर
ताई, एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ लस बाटलीतून जात नव्हती, मुलांच्या दंडावरून जात होती. मुंबईत १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्याहून आलेली लस टोचली. ती देवी चांगली उठली, म्हणजे टोचल्या जागी पुटकुळी धरली, आणि तिच्याच दंडावरची लस पुढच्या मुलांना टोचली. पुण्याकडं आणि बाकी हिंदुस्थानात लस पसरली ती याच रीतीनं.

सगळं काम आठव्या दिवसाभोवती फिरतं. टोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल पुटकुळी दिसते, पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी धरतं, आठव्या दिवशी ती मोत्यासारखी टपोरी होते, मधे किंचित खोलगट. आतलं पाणी तेव्हा स्वच्छ असतं आणि तीच लस. दहाव्या दिवसापर्यंत भोवती लाली पसरते, पाणी गढूळ होतं. ते टोचलं तर पुढच्या मुलाचा दंड चिघळतो, पण देवी उठत नाही. टोचल्याचा दिवस पहिला धरायचा. सोमवारी टोचलं तर पुढचा सोमवार आठवा. आपला ‘आठवडा’ हा शब्दच मुळी तसा मोजलेला आहे.

लस काढताना नस्तराच्या, म्हणजे टोचायच्या बारीक सुरीच्या, टोकानं पुटकुळीचा वरचा पापुद्रा चार-पाच ठिकाणी हलकेच टोचायचा आणि थांबायचं. पाणी आपोआप थेंबाथेंबानं वर येतं. दाबायचं अजिबात नाही, दाबलं की रक्त मिसळतं. उपदंशासारखा रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडं जायची मोठी भीती तिथंच होती. मुलाच्या दंडावरची एक तरी पुटकुळी न फोडता ठेवायची, म्हणजे त्याचं स्वतःचं संरक्षण पुरं होतं.

एका चांगल्या पुटकुळीतून चार-पाच मुलांपुरती लस निघते. म्हणून आठव्या दिवशी दोन-तीन मुलं तरी हाताशी हवीत. एकाच मुलावर भिस्त ठेवली आणि त्यानं रात्री खाजवून पुटकुळी फोडली, की साखळी तुटली. मग वरून नवी लस मागवायची. ती यायची दोन काचांमध्ये वाळवलेली, हस्तिदंताच्या टोकावर सुकवलेली, किंवा केसासारख्या काचनळीत भरून दोन्ही टोकं बंद केलेली. उन्हात यातली बरीचशी मरून जायची. म्हणून कामाचा हंगाम साधारण दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात बावडा, भुदरगडकडच्या वाटा बंद, आणि देवीची साथ चढायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे त्याआधी काम आटपायला हवं असायचं.

मोडीवाचक
वरचं सगळं बरोबर आहे, पण साखळी खाजवण्यापेक्षा जास्त वेळा दुसऱ्या कारणानं तुटायची: आठव्या दिवशी आई मूल घेऊन यायचीच नाही. लस काढली की लेकराचं बळ जातं, ही भीती खरी होती आणि दुखायचंही. त्यात पुढच्या गावाला साखळी न्यायला मूल कुणाचं? बहुतेकदा गरिबाचं, गावकुसाबाहेरचं, आईच्या हातावर चार पैसे ठेवून. आणि मग त्याच मुलाची लस आपल्याला नको म्हणून गावातली वरची घरं अडून बसायची. सक्तीचा कागद इथं कामाला येत नाही. तक्त्यावर त्या आयांना आणि मुलांना जागा द्या, हे माझं कळकळीचं सांगणं.

कायद्याबद्दल: मुंबई शहराचा कायदा १८७७ चा. हिंदुस्थान सरकारचा १८८० चा, तोही नगरपालिका आणि छावण्यांपुरता, जिथं लागू केला तिथंच. इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ चा. संस्थानात यातला कुठलाच आपोआप लागू होत नव्हता, दरबारचा हुकूम लागायचा. तेव्हा ‘१८८० पासून कोल्हापुरात सक्ती’ असं कृपया लिहू नका.

नोंदवह्यांचे आकडेही जपून वापरा. टोचलेली मुलं, आठव्या दिवशी पाहिलेली मुलं आणि देवी उठलेली मुलं, हे तीन वेगळे आकडे आहेत. देवी काढणाऱ्याचं काम संख्येवर जोखलं जायचं, म्हणून पहिला आकडा फुगायचा. पूर्वी टोचलेलं मूल पुन्हा धरलं जायचं, चिघळलेला दंडही ‘यशस्वी’ लिहिला जायचा. वरचा तपासनीस वणावरून पारख करायचा: खऱ्या देवीचा वण गोल, थोडा खोल आणि त्यात बारीक बारीक खड्डे.

रंकाळाकाठ
मनापासून आभार. मग बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोचा यात काय संबंध?

नस्तर
तो नंतरचा टप्पा. दंडावरून दंडावर टोचणं थांबवायचं म्हणून वासरावर लस वाढवायला लागले. वासराच्या पोटाची कातडी भादरून, धुऊन, त्यावर बारीक चरे पाडून लस चोळायची. पाचव्या दिवसाच्या सुमारास उठलेला गर खरवडून घ्यायचा, घोटायचा आणि ग्लिसरीनमध्ये मिसळायचा. ग्लिसरीनमुळं बाकीचे जंतू हळूहळू मरतात, लस टिकते. हे १८९१ मध्ये कोपमन या इंग्रज डॉक्टरांनी दाखवलं. पण आपल्या उन्हात ग्लिसरीनची लसही लवकर कमजोर होते, म्हणून मद्रासकडं लॅनोलिन (लोकरीतली चरबी) वापरून पाहिलं. मुंबई इलाख्यासाठी लस बनवण्याचं काम पुढं बेळगावात, आजच्या टिळकवाडीत व्हायचं. उपदंशाची भीती गेली, मूल उचलून पुढच्या गावी न्यायची गरज गेली. आठव्या दिवसाची तपासणी मात्र राहिली, कारण देवी उठली की नाही हे दंड बघितल्याशिवाय कळत नाही.

तक्त्यावर ती आठव्या दिवसाची पुटकुळी मोठी करून काढू नका. खऱ्या मापातच काढा, वाटाण्याच्या डाळीएवढी, आणि शेजारी नस्तराचं टोक.