रेस (अ‍ॅक्सिलरेटर) अडकली तर? अवजड गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

घाटवाट
काल कळंबोलीला एक दहा टायर ट्रक बाजूला उभा दिसला. इंजिन कोकलत होतं आणि ड्रायव्हर पेडलखाली हात घालून काहीतरी ओढत होता. मला एकदम कुंभार्ली आठवला. चिऱ्यांचा लोड घेऊन घाटमाथ्यावर आलो, पाय काढला तरी रेस उतरेना. शेजारी वडील होते. "क्लच दाब, न्यूट्रल कर, ब्रेक मार. चावीला हात लावू नको!" चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणजे टाकीत उरलेल्या हवेवरच ब्रेक. गाडी उभी राहिल्यावर मग स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची, दांडी ओढली. अशी वेळ कोणाकोणावर आलीय? आणि शेवटी कारण काय निघालं तेही लिहा.

पंपवाला_कराड
दादा, वडिलांना नमस्कार सांगा. लोक थेट डिझेल पंप (इंजिनला डिझेल देणारा) खोलायला आणतात, त्याचं वाईट वाटतं. आधी इंजिन बंद, चाकाला दगड, मग पंपाच्या लिव्हरवरून पेडलकडची केबल सोडवा. लिव्हर हाताने फिरवून सोडा. टपकन मागे आला तर पंपाला हात लावू नका, दोष केबलमध्ये नाहीतर पेडलमध्ये. लिव्हरच रेंगाळला तर स्प्रिंग आणि शाफ्ट बघा. आणि लिव्हर मागे आला तरी चालू इंजिनची रेस उतरत नसेल, तर आत रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) किंवा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग). तेवढंच काम आमचं.

ऊसवाहतूक
गळीत हंगामात आमच्याकडे ९० टक्के पेडलखालचा चिखलच. पाचट, माती, वर तो जाड रबरी मॅट. खराट्याने साफ केलं की झालं. घाईत आहे, काट्यावर नंबर लागलाय

सह्याद्री७
@ऊसवाहतूक कोणता कारखाना? या वेळी पहिली उचल किती दिली?

ऊसवाहतूक
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो

मालती_ताई
माझे मिस्टर लाईनवर असतात, नाशिक-भिवंडी. कसारा उतरून खाली आले की फोन करतात, तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे सगळं वाचून दाखवणार आहे त्यांना. घाटवाट दादा, वडील बरे आहेत ना आता?

घाटवाट
हो ताई, ठणठणीत. गाडी सोडली, पण हॉर्न ऐकला की अजून उठून बाहेर येतात 😄

कोकणी_चाक
केबल!! आमच्या पावसात आतली तार गंजते. वरून नवी दिसते. दोन्ही टोकं सोडून हाताने ओढून बघा, खरखर लागली की बदला, तेल सोडून चार दिवस ढकलू नका. केबिन पुढे पाडून परत बसवली की केबल कुठे दुमडली का तेही बघा. मिस्त्री गेल्यावर रेस अडकली तर बहुतेक तेच असतं.

रात्रपाळी
एक वेगळी केस. सपाटीला ठीक, चढाला लोड घेतला की रेस आपोआप वाढायची. केबल बदलली, स्प्रिंग बदलली, काही नाही. इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं तो आधार) तुटलेलं निघालं! इंजिन जोर घेताना एका अंगाला कलायचं आणि केबल ताणायचं. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पकडलं त्याचे पाय धरले.

पंपवाला_कराड
वा! हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. आणखी एक, पावसाळाभर उभी असलेली गाडी. डिझेलमध्ये पाणी शिरून रॅक गंजतो. तो पुढेच अडकलेला असेल तर स्टार्ट होताच इंजिन सुसाट जातं. सेल्फ मारण्याआधी स्टॉपची दांडी पंपावर हलतेय का ते बघाच.

बीएससहावाला
आमच्या नव्या गाडीत केबलच नाही, पेडलला सेन्सर. त्यात दोन सिग्नल असतात, दोघांचा मेळ बसला नाही की कंप्युटर रेस देतच नाही. मग अडकत नाही, उलट गाडी रांगते. कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं.

सह्याद्री७
आणि स्टॉप ओढूनही बंद झालं नाही तर?

पंपवाला_कराड
मग ते बहुतेक डिझेलवर नाही, टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून येणाऱ्या ऑइलवर चालतंय. सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर सुटतो. हवा तोडायची, इंजिनात हवा जाते त्या पाइपच्या तोंडावर जाड फळी दाबून. हात किंवा फडकं नको, आत ओढलं जातं. उभी असेल तर टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा, दम तुटतो. इंजिनच्या बाजूला कोणी उभं राहू नका.

मालती_ताई
भाऊ, ही फळी गाडीत नेहमी ठेवायची का? मापाची करून घेते, शेजारी सुतार आहे.