घड्याळ चुकले म्हणून शास्त्र खोटे ठरते काय?

शाहूपुरीची आहारतज्ज्ञ: आपल्या या गटातल्या एका सभासदाने परवा लिहिले की, रंकाळ्यावर रोज तासभर चालल्यावर मनगटावरचे घड्याळ 600 कॅलरी खर्च झाल्याचे दाखवते, तेवढेच आपण जास्त खातो आणि तरीही तीन महिन्यांत चार किलो वाढलो, तेव्हा कॅलरीचा हिशेब हे थोतांड आहे. हे वाचून राहवले नाही. सत्तर किलोचा माणूस तासभर नेटाने चालला तर साधारण 250 ते 300 कॅलरी लागतात आणि त्यांतल्या सत्तरेक घरी बसूनही लागल्याच असत्या. घड्याळ नाडी आणि हाताची हालचाल पाहून अंदाज बांधते. 2017 मध्ये स्टॅनफर्डला अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जेच्या बाबतीत त्यांतल्या सर्वांत चांगल्याचीही सरासरी चूक 27 टक्के निघाली. खरे मोजमाप श्वासाचे असते, तोंडाला मुखवटा लावून: ऑक्सिजन किती घेतला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला.

तालमीतला गडी: ताई, आमच्या वस्तादांनी कुणाच्या तोंडाला मुखवटा लावला नाही. बैठकांचा आकडा आणि सकाळचे वजन पाहून ते थंडाई, तूप, मटण ठरवून देत. पकडीत दोघे जागच्या जागी एकमेकांना रेटत असतात, हात हलत नाही; तिथे तुमचे यंत्र काय मोजणार?

राजारामपुरीची वाचक: मला एका दवाखान्यात यंत्रावर उभे करून ‘तुमचे चयापचय मंद आहे’ अशी चिठ्ठी दिली. मी पोहे-चहा घेऊन गेले होते, हे कुणी विचारलेही नाही. त्या चिठ्ठीपायी मी सहा महिने रात्रीचे जेवण सोडले.

शाहूपुरीची आहारतज्ज्ञ: वहिनी, तशी यंत्रे अंगातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज घेतात आणि उरलेला आकडा सूत्रातून काढतात, तुमचा श्वास कुणी मोजलाच नाही. श्वासाची चाचणी उपाशीपोटी, अर्धा तास स्वस्थ पडून राहिल्यावर करायची असते. दादा, पकडीचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. पण माझ्या वडिलांची कुस्ती सुटली, तुपाची वाटी सुटली नाही आणि पंचेचाळिशीत मधुमेह झाला. तुपाच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ कॅलरी असतात.

तालमीतला गडी: वडिलांच्या आजाराचे खापर तालमीवर फोडू नका. मेहनत सोडली की खुराक सोडायचा, हे प्रत्येक वस्ताद सांगतो; न ऐकणाऱ्याला तालीम काय करणार? माझ्या चुलत्यांनी ऐकले आणि सत्तरीतही ते जोर काढतात. मुखवटा लावून कुस्ती होत नाही, एवढ्याचे उत्तर द्या.

शाहूपुरीची आहारतज्ज्ञ: त्यासाठी जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन, म्हणजे नेहमीपेक्षा वजनदार अणू, असलेले पाणी पाजतात. मल्लाने नेहमीसारखे खेळावे आणि सुमारे दोन आठवडे लघवीचे नमुने द्यावेत. जड हायड्रोजन घाम, लघवी अशा पाण्याच्या रूपानेच बाहेर पडतो, तर ऑक्सिजन पाण्यातूनही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. या दोहोंच्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती सोडला ते कळते आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च निघतो. माणसांवर ही पद्धत 1982 पासून वापरात आहे. पाणी फार महाग पडते आणि हाती येते ती सगळ्या दिवसांची सरासरी, एका कुस्तीचा हिशेब नव्हे.

तालमीतला गडी: मातीत खेळू देऊन मोजत असतील तर ते मोजमाप मी मानतो. पण एका कुस्तीचे उत्तर तुमच्याकडेही नाही, तेव्हा सकाळचा वजनकाटा आम्ही हलवणार नाही.

शाहूपुरीची आहारतज्ज्ञ: हलवूच नका. रंकाळ्यावरच्या त्या सभासदांनीही घड्याळाऐवजी तोच पाहिला असता, तर दुसऱ्याच आठवड्यात खाणे जास्त होत असल्याचे त्यांना कळले असते.