'लाज वाटली' म्हणे! म्हापशाचा बाजार, गोरं गिऱ्हाईक आणि आपण

बार्देशकर
परवा या फोरमवरच्याच एकाने एका अमेरिकन बाईंचं रडगाणं मराठीत करून टाकलं होतं. बाई बरीच वर्षं गोव्यात शिवोलीला भाड्याच्या घरात राहतात. तक्रार काय, तर म्हापशाच्या बाजारात कुणाला धड इंग्रजी येत नाही, 'लाइम' मागितलं तर किराणावाल्याने चुन्याची पुडी हातावर ठेवली, कॉर्नफ्लॉवर आणून मक्याच्या भाकऱ्या करायला गेल्या तर तव्यावर खळ झाली, दुकानदार मान हलवतो ती हो म्हणून की नाही म्हणून ते देवाला ठाऊक, आणि भावाची पाटी कुठेच नाही, ती लावा. इथवर हसून सोडलं असतं. पण भाषांतर करणाऱ्याने खाली स्वतःचं जोडलं: "गोंयकार म्हणून वाचून लाज वाटली, सरकारने विक्रेत्यांना इंग्रजीचं ट्रेनिंग द्यावं." तिथे माझं डोकं फिरलं.

लाज कसली हो वाटायची? त्या दुकानदाराला इंग्रजी येतं, फक्त ते इथलं आहे. आपल्याकडे कॉर्नफ्लॉवर म्हणजे ते पांढरं, सूप दाट करायचं. लाइम म्हणजे चुना, भिंतीला लावायचा नाहीतर पानाला. लिंबू हवं तर लेमन म्हणायचं. एगप्लांट नाही, ब्रिंजल. हे शाळेतलं पोर सांगेल. बाई इतकी वर्षं राहतात आणि शेजारणीला विचारत नाहीत, तर ट्रेनिंग कुणाला द्यायचं?

आणि दुसरी बाजूही सांगतो, कारण ती आपल्यालाच लागते. मागच्या शुक्रवारी मासळी बाजारात एक उंच गोरा माणूस बांगड्यांच्या वाट्यासमोर उकिडवा बसला आणि स्वच्छ विचारलं, "बांगडे कशे गो?" बाईने बर्फाचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "टू हंड्रेड, फ्रेश फ्रेश, टेक टेक." त्याने बिचाऱ्याने परत कोकणीत विचारलं. परत "टू हंड्रेड". आणि मागे उभा आपलाच एक शहाणा मदतीला धावला, कशात? हिंदीत! "दो सौ बोल रही है, दो सौ." आता हा माणूस भाषा शिकणार कुणाकडून, पोपटाकडून?

पर्वरीची_पुणेकर
सगळं बाईंवर ढकलणं सोपं आहे. मी काही अमेरिकेहून आले नाही, पुण्याहून आले, तरी सुरुवातीला माझे हाल कुत्रा खात नव्हता. कोळंबी मागितली तर "सुंगटां जाय?" मला वाटलं हा कुठला तरी वेगळा मासा, नको म्हणून परत आले. सुरमई मागितली तर विसवण दाखवली, म्हटलं फसवतेय. सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराला (पाववाल्याला) पोळ्या मागितल्या तर त्याने चार पोई, म्हणजे इथले कोंड्याचे पाव, दिले, मी त्यावर तूप लावून वरणाबरोबर खाल्ले (वाईट लागत नाही, करून बघा). त्या बाईंनी भावाची पाटी मागितली त्यात काय चुकलं? मी मराठीत विचारलं की एक भाव, माझी शेजारीण कोकणीत विचारते तिला दुसरा. पाटी असती तर भाषेचा प्रश्नच आला नसता.

साष्टीचो
घर गोव्यात घ्यायचं, कोळंबी मागायची आणि वर भाव वेगळा लावला म्हणून रडायचं. ताई, अमेरिकन बाई आणि तुम्ही एकाच बसमध्ये आहात, फक्त तिकीट वेगळं. बाजाराची भाषा कोकणी. शिका. एवढं साधं आहे.

डिचोलीकर
आलं का कोकणीवर! बाजाराची भाषा कोकणी हे कुणी ठरवलं? आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरीत घरोघर मराठी पेपर येतो, देवळातलं भजन मराठी, नाटक मराठी, लग्नपत्रिका मराठी. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीचा वापरही लिहिलेला आहे, तो तुम्ही लोक सोयीस्कर विसरता. मी जन्मापासून गोव्यात, माझा आजा गोव्यात, आणि मडगावात मराठीत भाव विचारला तर भाजीवाली शेजारणीला म्हणते "घाटी दिसता", म्हणजे घाटापलीकडचा, परका. हा अपमान कुणी मोजायचा? अमेरिकन बाईचं लगेच भाषांतर होतं, आमचं कोण करणार?

साष्टीचो
कायदा वाचलाच आहे तर पूर्ण वाचा. राजभाषा कोकणी, तीही देवनागरीतली. मराठी वापरायची मुभा आहे. आमच्या आयांनी जी रोमी (रोमन) लिपी वाचून प्रार्थना केली ती त्यात कुठेच नाही, मग आम्ही कुणाला घाटी म्हणायचं? मी मराठी चौथीपर्यंत शिकलो म्हणून तुमच्याशी मराठीत भांडतोय, तुम्ही माझ्याशी एक ओळ कोकणीत भांडून दाखवा.

डिचोलीकर
भांडायचं कशाला, घरात तेच बोलतो. घरी कोकणी, लिहायला मराठी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 1967 च्या ओपिनियन पोलात महाराष्ट्रातलं विलीनीकरण हरलं, मराठी हरली नाही.

बार्देशकर
अरे देवा. चुन्याच्या पुडीवरून ओपिनियन पोल! विषय काय, चाललंय काय.

मोरजीवाला
दुकान माझं आहे म्हणून बोलतो, तुम्ही सगळे गिऱ्हाईक. आमच्याकडे मोरजी-हरमलला रशियन पाट्या आहेत, मेन्यू रशियनमध्ये आहेत, किनाऱ्यावरच्या लमाणी बायका रशियनमध्ये घासाघीस करतात. ट्रेनिंग कुणी दिलं? पोटाने दिलं. गोंधळ तरी होतोच. माझा बाप नवीन गिऱ्हाइकाला कोकणीत "ना" म्हणायचा, म्हणजे कमी होणार नाही. रशियनमध्ये 'ना' म्हणजे हे घे. तो माणूस थँक्यू म्हणून कलिंगड उचलून चालायला लागायचा आणि बाप मागून ओरडत. शेवटी बाप हात आडवा हलवायला शिकला.

खरा घोळ भाषेचा नाही, कुठे घासाघीस करायची ते न कळण्याचा आहे. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते त्यावर तासभर हुज्जत घालतात, आणि शहाळ्याला, टोपीला, जिथे काहीच छापलेलं नसतं तिथे सांगेल तो भाव निमूट देतात. हिंदी शिकून आलेले असतात ते शंभरापर्यंत आकडे पाठ करून, मग "डेढ सौ" म्हटलं की अडतात, "ढाई सौ" म्हटलं की कॅल्क्युलेटर पुढे करतात. सुट्टे नाहीत म्हणून दोन चॉकलेटं दिली तर एक म्हातारा भेट समजून रोज माझ्यासाठी केक आणायला लागला. आणि पाट्यांचं म्हणाल तर ताई, मासळीवर पाटी कोण लावणार? सकाळचा भाव दुपारी राहत नाही, आणि जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा तर पाटी वाचून तुम्हीच पळाल.

पर्वरीची_पुणेकर
मासळीचं समजलं. पण कांदे-बटाट्याला काय धाड भरते? आणि एमआरपीचं तुम्ही बोलूच नका, थंड पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंग'चे पाच रुपये जास्त घेणारे किनाऱ्यावरचेच. एमआरपीच्या वर घेणं बेकायदा आहे.

मोरजीवाला
मी घेत नाही. फ्रीजचं बिल मात्र गिऱ्हाईक भरतं का ते विचारा.

फोंडेकर
कुणी पार्किंगबद्दल बोलणार आहे का? म्हापशाला शुक्रवारी गाडी लावायला जागा नाही, अर्धा तास फिरा, मग मामा पावती फाडणार. गोऱ्यांना स्कूटर परवडते. मे महिन्यात पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) मिरच्या, सोलं, सुकी मासळी भरायला गेलो, दोन पोती डोक्यावर घेऊन कुठल्या कुठे चालत गेलो. भाषा कुठलीही बोला, हमाल मिळाला नाही.

भाषांतर_करणारा_तोच
सकाळपासून शिव्या खातोय, आता बोलतो. मी 'लाज' म्हटलं कारण माझ्या आईने त्या बाईंना दोनदा घरी नेऊन लिंबाचं लोणचं शिकवलं आणि त्यांनी लिहिताना त्याचा उल्लेखही केला नाही. लाज त्याची वाटली. वाक्य नीट आलं नाही.

बार्देशकर
वा! म्हणजे सरकारने ट्रेनिंग द्यावं हे आईच्या लोणच्यावरून? कमाल लॉजिक आहे बाबा. आणि लोणच्याचं लिंबू बाईंना आईने दिलंच ना, मग लाइम मागायला बाजारात गेल्याच कशाला?

भाषांतर_करणारा_तोच
ठीक आहे, 'लाज' काढतो, 'खंत' ठेवतो. खूश?

साष्टीचो
खंतसुद्धा कोकणीत 'खंत'च म्हणतात, ठेवा. पर्वरीच्या ताईंना मात्र एक सांगतो, भाव वेगळा लावतात ते खरं आहे. मलासुद्धा लावतात, म्हापशाला. साष्टीची, म्हणजे दक्षिण गोव्याची कोकणी ऐकली की दहा रुपये वर.

पर्वरीची_पुणेकर
बघा! मग कोकणी शिकून तरी काय उपयोग?

डिचोलीकर
माझा प्रश्न अजून तिथेच आहे. घाटी कोण?