टेस्टोस्टेरॉन आणि आक्रमकता : मुलग्यांच्या मारामारीला संप्रेरक जबाबदार आहे का?

प्रश्न : मेघना_विज्ञान

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलग्यांमध्ये मारामारी झाली की पालकसभेत हमखास एक वाक्य ऐकू येते : ‘या वयात टेस्टोस्टेरॉन वाढतेच, त्याला कोण काय करणार?’ खच्ची केलेला बैल शांत होतो, हे आमच्या भागात सर्वांनी पाहिलेले असल्यामुळे हे म्हणणे लगेच पटते. माणसाच्या बाबतीतही हा संबंध इतका सरळ आहे का? रक्तातील पातळी मोजून एखादा मुलगा किती आक्रमक होईल, हे सांगता येते का?

उत्तर : शरीरक्रिया_अध्यापक

मेघनाताई, बैलाचे निरीक्षण खरे आहे आणि त्याला जुना शास्त्रीय आधारही आहे. 1849 मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण, म्हणजे टेस्टोस्टेरॉन तयार करणारे अवयव, काढले, तेव्हा त्यांचे आरवणे आणि झुंजणे मंदावले. वृषण पोटात पुन्हा रोवल्यावर दोन्ही परतले. मात्र यावरून एवढेच कळते की संप्रेरक जवळजवळ नाहीसे केले तर वर्तन बदलते. ज्यांची पातळी सामान्य मर्यादेत आहे अशा दोन पुरुषांपैकी थोडी अधिक असलेला अधिक भांडखोर असेल, असे त्यातून मुळीच निघत नाही. माणसांवरील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला सहसंबंध (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) 0.1 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो, म्हणजे माणसामाणसांतील आक्रमकतेच्या फरकापैकी जेमतेम एक टक्का त्यातून समजतो. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

शिवाय ही पातळी स्थिर नसते. ती सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते, आणि हार-जितीनेही हलते. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले, तेव्हा दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या ब्राझीलच्या चाहत्यांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन वाढले आणि इटलीच्या चाहत्यांचे घटले, असे एका छोट्या अभ्यासात आढळले. म्हणजे प्रसंगामुळे संप्रेरक बदलते, हेही तितकेच खरे आहे.

उत्तर : सुजाता_मानसशास्त्र

मला वाटते, खरा मुद्दा प्रतिष्ठेचा आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे 120 महिलांना एकतर टेस्टोस्टेरॉनची एक मात्रा किंवा दिसायला तसेच निष्क्रिय द्रव्य देण्यात आले आणि नंतर पैशांची वाटणी करण्याचा खेळ खेळवण्यात आला. त्यात एकीने वाटणी सुचवायची आणि दुसरीने ती नाकारली तर दोघींनाही काहीच मिळायचे नाही. ज्यांना खरोखर संप्रेरक मिळाले होते, त्यांनी अधिक न्याय्य वाटणी सुचवली, कारण नकार मिळून मान जाऊ नये यासाठी तोच उत्तम मार्ग होता. याउलट, आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे असे ज्यांना केवळ वाटत होते, त्यांनी अधिक अन्यायकारक वाटणी सुचवली. पालकसभेतील त्या वाक्याचा विचार करताना हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो : ‘तुझ्या अंगातच ते आहे’ असे मुलाला सतत ऐकवणे हे स्वतःच त्याच्या वर्तनावर परिणाम करणारे असू शकते.

2016 मध्ये 40 तरुण पुरुषांवर झालेल्या प्रयोगात अशाच खेळाला शिक्षा आणि बक्षीस देण्याची सोय जोडलेली होती. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांनी अन्याय करणाऱ्याला अधिक शिक्षा दिली, पण उदार वाटणी करणाऱ्याला बक्षीसही अधिक मोठे दिले. आपले स्थान राखण्याची ओढ या संप्रेरकाने वाढते असे मानले, तर ते स्थान दांडगाईने मिळते, खेळाने मिळते की इतरांना मदत केल्याने मिळते, हे भोवतालचा समूह ठरवतो. ज्या वर्गात मार देणाऱ्याला मान मिळतो, त्या वर्गात ही ओढ मारामारीकडेच वळणार.

मेघना_विज्ञान

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. तरीही एक शंका उरते. वयात येताना संप्रेरक कित्येक पटींनी वाढते, मग मारामारीही त्याच प्रमाणात वाढायला नको का?

उत्तर : शरीरक्रिया_अध्यापक

तशी ती वाढत नाही. कॅनडातील रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून दाखवले की मारणे, चावणे, ढकलणे यांचे प्रमाण साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वाधिक असते, म्हणजे मुलग्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अगदी नगण्य असते तेव्हा. पुढे बहुतेक मुले हात आवरायला शिकतात. पौगंडावस्थेत मारामारीची संख्या वाढण्यापेक्षा ती अधिक घातक होते, कारण अंगात बळ आलेले असते आणि सवंगडी पाहत असतात.

एका गोष्टीकडे मात्र शिक्षकांनी जरूर लक्ष ठेवावे. एखाद्या मुलाचे स्नायू अल्पावधीत भरले, चेहऱ्यावर अचानक पुष्कळ मुरुमे आली आणि स्वभाव चिडखोर झाला, तर तो व्यायामशाळेतून मिळालेली स्टेरॉइडची (टेस्टोस्टेरॉन किंवा त्यासारख्या कृत्रिम औषधांची) इंजेक्शने घेत नाही ना, हे पालकांना विश्वासात घेऊन विचारावे. मोठ्या मात्रेच्या चाचण्यांत बहुसंख्य पुरुषांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही, तरी थोड्या जणांमध्ये तीव्र अस्वस्थता आणि आक्रमकता दिसली होती. आणि वाढत्या वयात या औषधांनी हाडांची वाढ वेळेआधी थांबण्याचा धोका वेगळाच असतो. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये.