नोकरी योजनेमुळे लागली, की तशीही लागली असती?

प्रश्न (पूर्वभाग_सोलापूर): वर्षाहून जास्त काळ रिकामे बसलेल्यांसाठी गारमेंट शिवणकामाचं सरकारी प्रशिक्षण आहे. अहवालात 'इतक्यांना नोकरी लागली' एवढंच येतं. खरा परिणाम कसा मोजायचा?

आकडेमोड: आधी-नंतरची तुलना फसवी असते. माणूस योजनेत येतो तो बहुधा सगळ्यात अडचणीच्या काळात. त्यातले काही जण आपोआपच सावरतात आणि श्रेय योजनेला जातं. त्यात केंद्रं चुणचुणीत मुलं आधी उचलतात. जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर पात्र अर्जदारांची यादी पक्की करून सर्वांसमोर चिठ्ठ्या काढा. राहिलेले लोक हाच तुलनेचा गट. मध्येच सोडून गेलेल्यांना मूळ गटातच मोजा, इथेच बरेच अहवाल गंडतात. नोकरीचं प्रमाण ३० वरून ४० टक्क्यांवर गेलं तर तो निव्वळ योगायोग नाही, हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांवर पकडायला प्रत्येक गटात साधारण ३५५ माणसं लागतात. तीस-तीसच्या बॅचवर निष्कर्ष काढू नका.

पूर्वभाग_सोलापूर: संस्था चिठ्ठ्यांना तयार नाही, 'कुणाला नाही कसं म्हणायचं' म्हणते.

आकडेमोड: मग पहिली बॅच कोणाची, दुसरी कोणाची, एवढंच चिठ्ठीने ठरवा. तोटा असा की दुसरी बॅच सुरू झाली की तुलना संपते. दोन वर्षांनंतरचा परिणाम मग कळत नाही.

विडीघरकुल: 'काम आहे का?' असं विचारूच नका. सरकारी पाहणीच्या साप्ताहिक व्याख्येत आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, म्हणजे घरी थोड्या विड्या वळणारी बाई आधीपासूनच 'कामाला'! गेल्या महिन्यात किती दिवस काम, हातात किती पैसे, हे विचारा. फक्त पीएफच्या नोंदींवर विसंबू नका, वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यातले निसटतात. इथे तेलुगू बोलणारे बरेच, म्हणून प्रश्नावली तेलुगूतही हवी. नंबर बदलतात, लोक भिवंडी-पुण्याला जातात. नातेवाइकांचे दोन नंबर सुरुवातीलाच घ्या.

मोजपट्टी: विद्यावेतन चालू असताना मोजणी नको. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० सरकारच देतं, ती नोकरी नव्हे. पैसे थांबल्यावर सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी विचारा. प्रशिक्षणाचं फळ उशिरा दिसतं. आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा माणूस लागला म्हणून दुसऱ्याची जागा गेली का? फ्रान्समध्ये नोकरी शोधायला मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्यात सुशिक्षित बेरोजगार तरुणांना झालेला फायदा बराचसा इतरांच्या जागांतूनच आला होता. हे एका केंद्रावर दिसणार नाही. काही तालुक्यांत जास्त, काहींत कमी लोकांना प्रशिक्षण, हेही चिठ्ठीनेच ठरवावं लागेल, आणि मग दोन्हीकडच्या प्रशिक्षण न मिळालेल्यांची तुलना करायची. सोलापुरात तालुके अकराच, म्हणून शेजारचे जिल्हेही घ्या.